काटा उलटा फिरतो तेव्हा

आमचं घर विजेच्या घराला चिकटून होतं.
माँटानात, खिंडीच्या थोडं अलीकडे, इतक्या उंचावर
की घेवड्याचे दाणे दिवसभर चुलीवर राहूनही टणकच.
लाल विटांचं सबस्टेशन, उंच खिडक्या, चर्चसारखं,
आत वेदीच्या जागी दोन अजस्र यंत्रं गरगरणारी.
त्यांच्या घरघरीत झोपायची आम्हा भावंडांना सवय.
रात्री ती कधी थांबली
तर आम्ही तिघंही दचकून जागे.

वडील, आयनार तोफ्ते, तिथले ऑपरेटर.
माणसांशी कमी बोलत, मीटरशी जास्त.
बाहेर तारेत तीन हजार व्होल्ट,
भिंतीवर पितळी चौकटीत एक काटा.
तो उजवीकडे झुकला की कुणीतरी चढतंय.
"ऑलिंपियन," म्हणत, घड्याळाकडे न बघता.
"शे चालवतोय आज. हात जड आहे त्याचा."
आम्ही कुंपणाकडे धावायचो.
धूर नाही, काजळी नाही, दोरीवरच्या चादरी पांढऱ्याच्या पांढऱ्या,
आणि जेवणाच्या डब्यात अँब्रोज नावाचा वेटर
काचेआडून आम्हाला रुमाल फडकवून दाखवायचा.
त्याचं नाव त्यानंच एकदा ओरडून सांगितलं होतं,
अर्धं वाऱ्यानं नेलं. अर्ध्यावरून आम्ही पुरं केलं.

मग ती मोठी इंजिनं आली, रशियासाठी बांधलेली.
सरकारांचं आपसात फिसकटलं
आणि ती आमच्या डोंगराच्या पदरात पडली.
शाळेत आम्ही बाकाखाली लपायचा सराव करत होतो
रशियाच्या बॉम्बपासून,
आणि घरी येऊन रशियाच्याच इंजिनाला हात हलवत होतो.

पण मला सांगायचंय ते उताराचं.
एका हिवाळी संध्याकाळी त्यांनी मला स्टुलावर उभं केलं.
काटा शून्यावर आला, थबकला,
आणि शून्य ओलांडून डावीकडे सरकला.
"बघ," म्हणाले, "देतेय."
गाडी घाट उतरत होती,
तिच्या मोटारी आता तिलाच मागे खेचत होत्या,
आणि त्या खेचण्यातून निघालेली वीज
तारेत परत चढत होती.
तीच वीज कुठेतरी पलीकडे, बर्फात,
वर येणाऱ्या दुसऱ्या गाडीला मिळत होती.
दोघींची दृष्टभेटही नाही.
मधे फक्त बोटाएवढं जाड तांबं.

वडिलांनी यापुढे काही समजावलं नाही.
स्टुलावरून उतरवलं, नोंदवहीत आकडा लिहिला.

मग एका वसंतात प्रवासी गाडी बंद झाली.
अँब्रोजचं पुढे काय झालं, कुणाला विचारायचं?
मालगाड्या राहिल्या. मग त्याही डिझेलकडे गेल्या,
नेमक्या त्याच वर्षी, जेव्हा पेट्रोलसाठी
गावात रांगा लागल्या होत्या.
तांब्याला भाव आला होता म्हणे.
माणसं आली, तार लाकडी ढोलांवर गुंडाळू लागली.
निवृत्त वडील कुंपणाशी उभे,
एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं
किती मैल, मैलाला किती पौंड, पौंडाला किती सेंट.
गुणाकार मांडला. उत्तर लिहिलं नाही.
ते पाकीट माझ्याकडे आहे.

त्या रात्री यंत्रं बंद होती.
त्या घरात कुणाला झोप लागली नाही,
आणि सकाळी कुणी तसं म्हटलंही नाही.

परवा तीच खिंड मोटारीनं उतरले.
वय झालंय, पाय सतत ब्रेकवर.
खाली येईतो चाकांना जळका वास.
एवढं सगळं वजन, एवढी सगळी उंची,
नुसती तापून हवेत गेली.
समोरून लाकडं भरलेला एक ट्रक
धापा टाकत वर येत होता.
मी त्याला दिवे उघडझाप करून दाखवले.
त्याला वाटलं असेल, पुढे पोलीस आहेत.